भर दुपारी समुद्राचे लाँग एक्स्पोजर: सहा स्टॉपचा एनडी फिल्टर घ्यावा की दहा स्टॉपचा?

सावळा_खडक | बुधवार, रात्री ९.४०

नमस्कार. गेली तीन वर्षे मी वांद्र्याच्या बॅन्डस्टँडला आणि वरळीच्या किनाऱ्यावर पहाटे किंवा संध्याकाळी छायाचित्रे काढत आलो आहे. संधिप्रकाशात फिल्टर नसला तरी दोन-चार सेकंदांचे एक्स्पोजर (शटर उघडे राहण्याचा वेळ) सहज मिळते, त्यामुळे एनडी फिल्टरची, म्हणजे लेन्सवर लावून प्रकाश कमी करणाऱ्या काळ्या काचेची, गरज कधी भासली नाही. आता कामाच्या पाळ्या बदलल्या असून मला फक्त रविवारची दुपार मोकळी मिळते. गेल्या रविवारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ ११ वर कॅमेऱ्याने १/२५० सेकंद दाखवले. अपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ २२ पर्यंत लहान केले तेव्हा कसाबसा १/६० मिळाला, आणि घरी येऊन पाहतो तर पाणी धड थांबलेले नव्हते, धड वाहतही नव्हते. शिवाय खडकांवरचा सगळा बारीक पोत पुसट झाला होता.

तेव्हा फिल्टर घेणे आलेच. सध्या एकाच चांगल्या फिल्टरपुरते पैसे बाजूला काढले आहेत. सहा स्टॉपचा घ्यावा, दहा स्टॉपचा घ्यावा, की दोन्हींचे काम करतो असे सांगितले जाते तो व्हेरिएबल एनडी घ्यावा? आणि दुपारच्या रणरणत्या उन्हात मुंबईच्या समुद्राचे असे चित्र काढण्यात मुळात काही अर्थ आहे का, हेही जाणकारांनी मोकळेपणाने सांगावे.

प्रकाशमापी | बुधवार, रात्री १०.२५

आधी पोत पुसट का झाला ते सांगतो. अपर्चर फार लहान केले की प्रकाश त्याच्या कडांवर पसरतो. याला विवर्तन म्हणतात आणि कितीही महाग लेन्स घेतली तरी ते टळत नाही. तुमचा कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरचा असेल तर एफ ११ च्या पुढे शक्यतो जाऊ नका. प्रकाश कमी करायचा तो फिल्टरने करा, अपर्चरने नको.

आता हिशेब. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो. सहा स्टॉपचा फिल्टर, म्हणजे एनडी ६४, चौसष्टावा भाग प्रकाश आत सोडतो. दहा स्टॉपचा, म्हणजे एनडी १०००, सुमारे हजारावा. काही फिल्टरवर स्टॉपऐवजी घनता छापलेली असते: ०.३ म्हणजे एक स्टॉप, १.८ म्हणजे सहा आणि ३.० म्हणजे दहा. फिल्टरशिवाय १/२५० येत असेल तर दहा स्टॉपसाठी १००० ला २५० ने भागायचे, म्हणजे ४ सेकंद. सहा स्टॉपसाठी ६४ ला २५० ने भागायचे, म्हणजे साधारण पाव सेकंद. दोन्ही फिल्टर एकावर एक लावले तर सोळा स्टॉप होतात आणि तेच एक्स्पोजर सव्वाचार मिनिटांच्या पुढे जाते.

म्हणून प्रश्न सहा की दहा असा नसून, पाण्याने चित्रात काय करावे अशी तुमची इच्छा आहे, हा आहे. पाव ते एक सेकंदात मागे सरकणाऱ्या लाटेचे धागे दिसतात. चार ते दहा सेकंदांत खडकांभोवती धुके साचल्यासारखे वाटते. मिनिटाच्या पुढे समुद्र सपाट होतो आणि मुख्यतः ढगच हलताना दिसतात.

व्हेरिएबल एनडीबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. त्यात दोन पोलरायझर (एरवी चकाकी काढायला वापरतात त्या काचा) एकमेकांवर फिरतात. रुंद कोनाच्या लेन्सवर तो जास्त गडद केला की चित्रावर काळी फुली उमटते, आणि ती मागाहून काढता येत नाही. व्हिडिओ करणाऱ्यांना तो उपयोगी आहे. खडकांवर उभे राहून सोळा किंवा अठरा मिलिमीटरवर काम करणाऱ्याला नाही.

पाणकोंबडी | बुधवार, रात्री ११.०५

मी ओढे आणि धबधबे टिपते, त्यामुळे माझा कौल सहाकडे आहे, आणि त्याच्या जोडीला पोलरायझर असावा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या वाटेवरच्या ओढ्यांवर भाद्रपदात झाडांची सावली इतकी दाट असते की एफ ११ वर आधीच १/८ मिळतो. तिथे दहा स्टॉपने दोन मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात वाऱ्याने प्रत्येक पान हलून हिरवा चिखल होतो. सावलीत तीन स्टॉप आणि पोलरायझर एवढे पुरते. उन्हाच्या पट्ट्यात आले की सहा.

पोलरायझर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो, पण त्याचे खरे काम वेगळे आहे. ओल्या खडकावरची आणि पानांवरची पांढरी चकाकी तो काढून टाकतो, आणि मग खडकाचा मूळ रंग दिसू लागतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी नजर साधारण ३७ अंशांचा कोन करत असेल तेव्हा त्याचा परिणाम सर्वांत जास्त असतो. म्हणून थोडे उंचावर उभे राहून खाली पाहणे बरे. बॅन्डस्टँडचा बेसाल्ट ओला झाला की आरशासारखा चमकतो. तुम्हाला हा फरक तिथे फार जाणवेल.

जुना_रोल | गुरुवार, सकाळी ७.१५

सर्वांच्या मताचा आदर ठेवून मी विरोधी बाजू मांडतो. मी अजून फिल्मवर काम करतो आणि पाण्याचे हे दुधासारखे रूप मला पटत नाही. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी समुद्राची छायाचित्रे केली, तेव्हा लोकांना नवल वाटले ते लाट थांबलेली दिसली याचे. त्या काळच्या प्लेट निळ्या प्रकाशाला इतक्या हळव्या होत्या की समुद्र नीट आला तर आकाश कोरे पडे, म्हणून त्यांनी काही चित्रांत आकाश आणि समुद्र यांच्या वेगळ्या निगेटिव्ह एकाच कागदावर छापल्या. आपल्या मुंबईतही १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले निष्णात छायाचित्रकार होते. त्या पिढीला हलणारी कोणतीही वस्तू स्पष्ट टिपण्यासाठी झगडावे लागले. ती स्पष्टता आज सहज हाती आली असताना आपण पैसे मोजून काळी काच लावतो आणि लाट पुसून टाकतो, हे मला समजत नाही. समुद्राला आकार असतो, वजन असते, आवाज असतो. चार मिनिटांच्या चित्रात यातले काही उरत नाही.

तांत्रिक बाब म्हणून एवढेच सांगतो की फिल्म वापरणाऱ्याने वरचा हिशेब जसाच्या तसा घेऊ नये. एक्स्पोजर लांबले की बहुतेक फिल्मची संवेदनशीलता घटत जाते आणि जास्तीचा वेळ द्यावा लागतो. फुजीफिल्मची अॅक्रोस ही फिल्म त्याला मोठा अपवाद आहे. तिला १२० सेकंदांपर्यंत दुरुस्तीची गरज पडत नाही.

दर्याचा_लेक | गुरुवार, दुपारी १.३०

मी कोळीवाड्यात वाढलो. कॅमेरा हाती आला तो बराच नंतर. इथे अजून कोणी भरतीचे नाव काढलेले नाही, म्हणून लिहितो.

आमच्याकडे जुनी माणसे तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा आणि अमावास्येला बाराच्या आसपास. रोज ती पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते आणि दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात. मिनिटांचा हिशेब छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यातच पाहावा, पण बेत आखायला पाऊणपट पुरते.

आता यातून काय निघते ते पाहा. मोठे पाणी, ज्याला आपण उधाण म्हणतो, ते पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे येते, आणि मुंबईत ते नेहमी भर दुपारी किंवा मध्यरात्रीच येते. त्याच दिवशी पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी असते. खडक उघडे पडलेले, मध्ये गाळ आणि शेवाळ. उलट अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती असते खरी, पण ती भांगाची, तिला जोर नसतो. म्हणजे जो फक्त पहाटे आणि संध्याकाळी किनाऱ्यावर येतो, त्याला मुंबईचे मोठे पाणी उजेडात कधी भेटतच नाही. सावळा_खडक, तुमच्या तीन वर्षांच्या चित्रांत पौर्णिमेच्या दिवशीची किती आहेत आणि त्यांत पाणी किती आहे, हे एकदा काढून पाहा.

म्हणून दुपारी चित्र काढण्यात अर्थ आहे का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की उधाणाचे पाणी संथ वेगाने टिपायचे असेल तर दुपारशिवाय गत्यंतर नाही, आणि दुपारी फिल्टरशिवाय गत्यंतर नाही.

सावळा_खडक | गुरुवार, रात्री ८.५०

दर्याचा_लेक, आपला प्रतिसाद वाचून मी खरोखरच जुनी चित्रे तिथीप्रमाणे लावून पाहिली. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपासची एकोणीस निघाली आणि त्या सगळ्यांत पाणी खडकांच्या पलीकडे, लांब आहे. मी इतके दिवस याचे कारण जागेची निवड समजत होतो. येत्या रविवारी कृष्ण प्रतिपदा आहे, म्हणजे पाऊणपटीने पाऊण वाजता पूर्ण भरती. मी बाराला पोहोचून खडकांवर उतरावे का?

दर्याचा_लेक | गुरुवार, रात्री ९.२०

नाही. बाराला खडकांवर मुळीच उतरू नका. पाणी चढते आहे अशा वेळी बॅन्डस्टँडच्या खडकांवर उभे राहणे हेच तिथल्या बहुतेक अपघातांचे मूळ आहे. पाणी समोरून येताना दिसते, पण पाठीमागच्या सखल घळी आधी भरतात आणि परतीची वाट तुटते. उधाणाच्या दिवशी ओहोटी आणि भरती यांत सुमारे चार मीटरचा फरक पडतो. हा चढ सहा तासांत सारखा नसतो. पहिल्या तासाला बारावा भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे मधल्या दोन तासांत पाणी तासाला मीटरभर चढते.

पूर्ण भरतीला वर रस्त्याकडेच्या कठड्याजवळ थांबून नुसते पाहा. सुकती (ओहोटी) लागली की साधारण सव्वा तासाने, म्हणजे दोनच्या सुमारास, वरचे खडक उघडे पडू लागतात. तेव्हा उतरा आणि पाण्याच्या मागोमाग, ते सोडत जाईल तेवढेच पुढे सरका. दोन ते चार हे दोन तास तुमचे. अर्धे बुडालेले खडक याच वेळेत मिळतात, आणि चित्रालाही तेच हवे असतात. कोरडा खडक हलका दिसतो आणि ओला काळा. जिथे शेवाळाची हिरवी कड दिसेल तिथे पाय देऊ नका. एकट्याने जाऊ नका. पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी किनाऱ्यावर जायला मनाई असते तेव्हा ती पाळा.

जुना_रोल, आपल्या आक्षेपाबद्दलही दोन शब्द. चार मिनिटांच्या चित्राबाबत मी आपल्याशी सहमत आहे. त्यात आमचा दर्या मला ओळखू येत नाही. पण अर्ध्या सेकंदाच्या चित्रात लाट परत जाताना खडकाच्या कोणत्या बाजूने ओढ लागते, पाणी कुठे भोवरा घेते, दोन प्रवाह कुठे गाठ पडतात, हे सगळे रेघांनी काढून दाखवल्यासारखे उमटते. वडील मला किनाऱ्यावर उभे करून हीच ओढ पाहायला शिकवत असत. १/२००० ला थांबवलेल्या लाटेत ती दिसत नाही. तिथे फक्त थेंब दिसतात.

जुना_रोल | गुरुवार, रात्री १०.१०

हे मला पटले. लांब एक्स्पोजर म्हणजे मिनिटांचेच असे गृहीत धरून मी लिहिले होते. पाण्याची ओढ दाखवणारे अर्धे सेकंद ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला माझा विरोध नाही. मिनिटांच्या चित्रांवरचा आक्षेप मात्र कायम आहे.

माहीमचा_वारा | शुक्रवार, सकाळी ९.००

ट्रायपॉडविषयी कोणी लिहिले नाही. मधला दांडा वर काढू नका, कारण वारा नेमका तोच हलवतो. पिशवी हुकाला लोंबती ठेवली तर ती स्वतःच झोके घेते. ती जमिनीला टेकलेली हवी. वाळूत परतणारी प्रत्येक लाट पायांखालची वाळू उपसून नेते आणि ट्रायपॉड एक्स्पोजर चालू असतानाच खचतो. मी दादरच्या चौपाटीवर तिन्ही पायांखाली नारळाच्या करवंट्या दाबून ठेवतो. त्यांनी बराच फरक पडतो. पाय दाबून दोन-तीन लाटा जाऊ द्याव्यात आणि मगच चौकट ठरवावी. कॅमेऱ्याचे किंवा लेन्सचे स्टॅबिलायझेशन बंद करावे. शटर रिमोटने किंवा दोन सेकंदांच्या टायमरने सोडावे, आणि ३० सेकंदांच्या पुढे जायचे असेल तर बल्ब मोड (शटर हवे तितका वेळ उघडे ठेवण्याची सोय) व रिमोट लागतोच.

दुसरी गोष्ट दृश्यदर्शकातून आत शिरणाऱ्या उजेडाची. वरळी सी फेसला सकाळी नऊच्या सुमारास सूर्य पाठीशी असतो. माझ्या डीएसएलआरवर दहा स्टॉपचा फिल्टर लावून काढलेल्या एका संपूर्ण सकाळच्या चित्रांत मधोमध जांभळट पट्टा आला. कारण एवढेच की समोरून हजारावा भाग उजेड येत होता आणि मागच्या छोट्या खिडकीतून पूर्ण ऊन. तेव्हापासून मी ती खिडकी काळ्या चिकटपट्टीने बंद करतो. मिररलेस कॅमेऱ्याला हा त्रास नाही.

घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय पूर्ण बाहेर काढून गोड्या पाण्याने धुवावेत आणि उघडेच वाळवावेत. माझ्या पहिल्या ट्रायपॉडचे स्क्रू एका पावसाळ्यात गंजले, कारण मी फक्त बाहेरून पुसत होतो.

रंगभान | शुक्रवार, दुपारी १२.४५

दहा स्टॉपच्या फिल्टरविषयी एक इशारा देते. मी स्वस्तातला एक घेतला होता. सर्व चित्रे विटकरी रंगाची आली आणि व्हाइट बॅलन्स कितीही फिरवला तरी झाडांची पाने तपकिरीच राहिली. त्याचे कारण असे की दृश्य प्रकाश हजारपटीने अडवणारा फिल्टर अवरक्त किरण तेवढे अडवेलच असे नाही. एरवी सेन्सरला ते किरण थोडेच जाणवतात, पण बाकीचा प्रकाश अडवला गेला की त्यांचा वाटा मोठा होतो. म्हणून गडद फिल्टर घेताना तो अवरक्त किरण अडवणारा आहे ना, हे पाहून घ्यावे. सहा स्टॉपला हा दोष बराच कमी जाणवतो.

शिवाय फिल्टरवर छापलेला आकडा तंतोतंत खरा असतो असे नाही. माझा दहाचा फिल्टर प्रत्यक्षात साडेदहाच्या जवळ निघाला. घरी पांढऱ्या भिंतीवर, सारख्या उजेडात, एकदा फिल्टरशिवाय आणि एकदा फिल्टर लावून हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) जुळेपर्यंत वेळ बदलत राहावी. तुमच्या फिल्टरचा खरा आकडा त्यातून कळतो आणि पुढे किनाऱ्यावर वेळ वाया जात नाही.

मुंबईच्या पाण्याच्या रंगाबद्दल नव्याने येणारे बरेच जण खंतावतात. पावसाळ्यात ते चहाच्या रंगाचे असते, कारण नद्या-नाल्यांतून गाळ येतो आणि किनाऱ्यालगतचा तळ ढवळला जातो. तो रंग निळा करण्याचा खटाटोप मी करत नाही. काळा बेसाल्ट, तपकिरी पाणी आणि पांढरा फेस हे आपल्या किनाऱ्याचे खरे रंग आहेत, आणि ते जसेच्या तसे ठेवले तरच चित्र मुंबईचे राहते.

बोरिवलीकर | शुक्रवार, दुपारी ३.२०

फिल्टरशिवायही एक मार्ग आहे. एकाच चौकटीत ओळीने बरीच चित्रे काढून संगणकावर त्यांची सरासरी घेता येते. सोळा चित्रांची सरासरी घेतली की नॉइजही (चित्रातली दाणेदार खरखर) चौथ्या हिश्शावर येतो. आयफोनमध्ये २०१७ पासून लाइव्ह फोटोला लाँग एक्स्पोजरमध्ये बदलण्याची सोय आहे, ती साधारण तीन सेकंदांच्या हालचालीवर काम करते. काही कॅमेऱ्यांत हेच काम आत होते. ऑलिम्पसने २०१९ च्या ई-एम१एक्स मध्ये लाइव्ह एनडी या नावाने ते दिले. मग काच विकत घ्यायचीच कशाला?

प्रकाशमापी | शुक्रवार, सायंकाळी ५.५०

सरासरीची पद्धत चांगली आहे, पण भर उन्हात प्रत्येक चित्र १/२५० चे असेल तर सोळा चित्रांत सोळा थांबलेल्या लाटा एकमेकींवर पडतात. त्यातून रेशीम होत नाही, खरखरीत जाळी होते. ती मिटवायला शेकडो चित्रे लागतात. याउलट सहा स्टॉपचा फिल्टर लावून पाव सेकंदाची सोळा चित्रे ओळीने काढली, तर प्रत्येक चित्रात पाणी आधीच वाहते असते आणि त्यांची सरासरी चार सेकंदांच्या एका चित्राइतकी मऊ येते. म्हणजे सहाचा फिल्टर असला तर दहाचे काम बऱ्याच अंशी साधते. दहाच्या फिल्टरने मात्र सहाचे काम उन्हात करायचे झाले तर आयएसओ १६०० पर्यंत वाढवावा लागतो. एकच घ्यायचा असेल तर यावरून माझे मत आता सहाकडे झुकते.

ढगांच्या बाबतीत सावध राहा. दोन चित्रांमध्ये खंड पडला की ढगांच्या रेघा तुटक येतात. पाण्यात तो खंड कळत नाही.

अनामिका_ठाणे | शुक्रवार, रात्री ९.१५

मी सोळा स्टॉपच्या बाजूने बोलते, कारण अजून कोणी बोललेले नाही. गेटवे ऑफ इंडियासमोर दुपारी किती गर्दी असते हे सर्वांना ठाऊक आहे. चार मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये चालणारी माणसे उमटतच नाहीत, लाँचींच्या जागी फिकट रेघा राहतात आणि १९२४ साली पूर्ण झालेली ती कमान पाण्याच्या काठी एकटी उभी दिसते. तिची घडण, बेसाल्टचा पिवळसर रंग, वरची जाळी, हे सगळे मला त्या चित्रात पहिल्यांदा नीट पाहता आले.

पाणकोंबडी | शुक्रवार, रात्री १०.००

अनामिका_ठाणे, वास्तूच्या अभ्यासासाठी हे मान्य. मला स्वतःला मात्र मुंबईच्या चित्रातून माणसे पुसली जाणे खटकते. भरती ओसरल्यावर हाजी अलीच्या वाटेवरून येणारी-जाणारी माणसे हाच त्या जागेचा प्राण आहे. तिथे मी अर्ध्या सेकंदावर थांबते. चालणारे पुसट होतात, पण थबकून पाण्याकडे पाहणारी माणसे स्पष्ट राहतात, आणि पाणीही दोन्ही बाजूंनी वाहताना दिसते.

अनामिका_ठाणे | शुक्रवार, रात्री १०.२०

थबकलेल्या माणसांचा विचार मी केला नव्हता. पुढच्या वेळी दोन्ही प्रकारे काढून पाहीन.

सावळा_खडक | शनिवार, सकाळी १०.३०

सर्वांचे वाचून मी सहा स्टॉपचा फिल्टर घेतला. माझ्या दोन लेन्स ६७ आणि ७७ मिलिमीटरच्या आहेत, म्हणून फिल्टर ७७ चा आणि छोट्या लेन्ससाठी स्टेप-अप रिंग. पोलरायझर जवळ होताच. उद्या एका मित्राला सोबत घेऊन जात आहे.

रंगभान | शनिवार, सकाळी ११.१०

एक सूचना. फोकस आधी लावून घ्या आणि मग मॅन्युअलवर टाका. फिल्टर चढवताना लेन्सची फोकस रिंग हलणार नाही याची काळजी घ्या. प्रकाशाचे मोजमाप फेसावर ठेवा. पाव सेकंद ते एक सेकंदात पांढरा फेस एकाच जागी साचत जातो आणि तिथला तपशील सर्वांत आधी जळतो. प्रत्येक चित्रानंतर काचेवर खारे थेंब आले का ते पाहा. आले तर आधी फुंकणीने उडवा, मग ओल्या कापडाने टिपा. कोरडे घासले तर मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात.

सावळा_खडक | रविवार, रात्री १०.४५

आज जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

पाऊण वाजता आम्ही कठड्याजवळ उभे होतो. ज्या खडकांवर मी तीन वर्षे ट्रायपॉड लावत आलो त्यांतला एकही दिसत नव्हता. लाटा थेट दगडी बांधावर आपटत होत्या. तासभर आम्ही नुसते पाहत राहिलो, आणि ते बरे झाले, कारण सुकती लागल्यावर कोणते खडक आधी वर येतात आणि कोणत्या घळीत पाणी अडकून राहते हे वरून स्पष्ट दिसले. दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही उतरलो.

एफ ११, आयएसओ १००, सहा स्टॉप आणि पोलरायझर यांवर साधारण एक सेकंद मिळत होता. सुरुवातीची पंधरा-वीस चित्रे वाया गेली, कारण मी लाट येताना शटर सोडत होतो. तसे केले की खडकांवर नुसता पांढरा ढीग दिसतो. मग लाट फुटून परत फिरते त्या क्षणाला सोडू लागलो आणि पाण्याचे धागे उमटू लागले. पोलरायझर काढला तेव्हा पाव सेकंद झाला आणि धागे तुटक आले. पुन्हा लावून आयएसओ ६४ केले तेव्हा दीड सेकंद मिळाला आणि धागे एकमेकांत मिसळून गेले. माझ्या डोळ्याला एक सेकंद सर्वांत योग्य वाटला, निदान आजच्या लाटांसाठी तरी. लाटा मोठ्या आणि वेगवान असतील तर अर्धा पुरेल.

साडेतीनच्या सुमारास ऊन कलले तेव्हा एका चित्रात, अर्ध्या बुडालेल्या खडकाच्या डाव्या अंगाने पाणी दोन पदरी होऊन मागे वळले आहे आणि उजव्या अंगाला एक छोटा भोवरा पडला आहे. त्या जागी मी पूर्वी कित्येकदा उभा राहिलो होतो. तिथे अशी ओढ लागते हे मला आज चित्रात पाहूनच कळले.

दर्याचा_लेक | रविवार, रात्री ११.२०

तुम्ही सांगता तो खडक मला ठाऊक आहे. त्याच्या उजव्या अंगाला पाणी शांत दिसते म्हणून पोरे तिथे उतरतात, आणि नेमके तिथूनच पाणी खाली खेचते. ते चित्र इथे जरूर लावा. अमावास्येला मीही येतो. बाराला कठड्याजवळ भेटू.

जुना_रोल | सोमवार, सकाळी ६.५०

मीही येईन. माझ्याकडे अॅक्रोसचा एक रोल शिल्लक आहे आणि ६७ मिलिमीटरची लेन्सही आहे. सावळा_खडक, आपला फिल्टर आणि ती रिंग अर्धा तास वापरायला मिळेल का?